सोयाबीनच्या आधी

आर्लिस ट्वेट दर गुरुवारी येते,
बर्फाचे बूट दाराशी काढते
आणि तिन्ही चरित्रं एकदम मागते.
तिन्ही एकाच माणसाची.
पद सोडून त्याला अजून सात वर्षंही झाली नाहीत.

पहिलं जाडं, नऊशे चार पानांचं.
टपालाच्या काट्यावर साडेतीन पौंड भरलं;
मीच ठेवून पाहिलं एका संध्याकाळी,
डिकोराच्या या वाचनालयात चिटपाखरू नव्हतं तेव्हा.
दुसरं त्याची भाषणं लिहिणाऱ्याचं.
त्यात तो कधी जेवत नाही,
सारखा खिडकीबाहेर पाहतो.
तिसरं लिहिलेल्या बाईला
त्याने एकदा पत्रकार परिषदेतून बाहेर काढलं होतं.
तिनं ते पहिल्याच पानावर सांगून टाकलंय,
बरं केलं.

वडिलांचंच घ्या.
जाड्यात वडिलांना एकतीस पानं.
भाषणवाल्याकडे दोन, तीही मासेमारीची.
तिसऱ्याच्या सूचीत नुसतं:
वडील — दारू पाहा.
आम्ही दोघं हसलो,
आणि मग ते हसू कुठे ठेवावं कळेना.
मला माझे आठवले.
तिला तिचे आठवले असणार.

पण आर्लिस त्यासाठी येत नाही.
तिला हवा असतो जानेवारीतला एकच दिवस,
कॉकसच्या आधीचा,
तो नुसता उमेदवार होता आणि सगळ्या अंदाजांत चौथा.

जाडं सांगतं: वादळात अडकला, तरी
कॅफेतल्या अकरा माणसांशी दोन तास बोलला.
भाषणवाला सांगतो: त्या दोन तासांत
त्याला देश कळला.
ती बाई सांगते: दोन तास तो
फोनला रेंज शोधत खुर्च्या बदलत होता.

आर्लिस म्हणते, तिघांचंही खरं आहे.
फक्त दोन नाही, दीड तास.
आणि त्याचे पाय भिजले होते.

शहरातले बूट, पापडासारखे तळवे.
गाडीपासून दारापर्यंत गुडघाभर बर्फ.
कॉफी ओतताना तिनं टेबलाखाली पाहिलं,
तो बोटं बोटांवर घासत होता,
बोलणं मात्र चालूच, कराबद्दल.
ती वर गेली, कॅफेवरच्या तिच्या खोलीत,
आणि आयनरचे मोजे घेऊन आली.
करडी लोकर, घोट्याशी लाल पट्टी,
तिनंच विणलेले.
आयनरला जाऊन पाच आठवडे झाले होते.

धुऊन पाठवतो, तो म्हणाला.
पत्तासुद्धा लिहून घेतला, नॅपकिनवर.

म्हणून ती प्रत्येक पुस्तक मागून उघडते.
सूचीत एस अक्षर.
सोशल सिक्युरिटी, आणि लगेच सोयाबीन.
मध्ये जिथे मोजे असायला हवेत
तिथे ती नखानं एक बारीक रेघ ओढते.
पेन्सिल नाही, नख.
दंड लावावा असं त्यात काही नसतं,
पान तिरकं धरलं तरच दिसते.

त्याला मत दिलंस का, मी एकदा विचारलं.
मोजे दिले, ती म्हणाली, तेवढं पुरे.

काल तिला तिसऱ्यात एक फोटो सापडला,
दोनशे बाराव्या पानासमोर.
रात्रीचं विमान, तो झोपलेला, तोंड उघडं,
पाय समोरच्या खुर्चीवर, बूट काढलेले.
खाली ओळ: ज्या रात्री सैन्य गेलं.
मी भिंग दिलं.
घोट्याशी एक गडद पट्टी आहे खरी.
फोटो काळापांढरा.

बराच वेळ तिनं भिंग हलवलं नाही.
मग म्हणाली, टाचेला भोक पडलंय,
कोणी रफू करून द्यायला हवं होतं.

चौथं चरित्र एप्रिलमध्ये येतंय,
त्याच्या बहिणीनं लिहिलेलं.
यादीत पहिलं नाव आर्लिसचं लावून ठेवलंय मी.